धोंडाबाई धुमाळ हजर आहेत का?

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या धाकट्या बहिणीला अजून समजलेलं नाही. गल्लीत ती सांगते, "आमची अक्का कंप्युटरचा धूर तपासायची." ते ऐकून तिच्या एका शेजारणीनं मला फोन केला, "आमच्या मिक्सरमधून जळका वास येतोय, बघायला येता का?" गेले. मिक्सर बघितला. मोटार जळाली होती, ते तिलाही माहीत होतं. चहा मात्र फक्कड मिळाला.

म्हणून दिवाळी अंकाकडून 'कामाबद्दल काहीतरी लिहा' असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, लिहू. निदान बहीण तरी वाचेल.

तर धूर. सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं दिवसभर आपापला तुकडा लिहीत बसतात. एकाकडं नोंदणी, दुसऱ्याकडं छपाई, तिसऱ्याकडं आणखी काही. हे सगळे तुकडे एकत्र जोडून चालवण्याजोगी जी वस्तू तयार होते, तिला म्हणायचं बिल्ड. नवं बिल्ड आलं की बारीक तपासणीला बसण्याआधी एक झटपट फेरी मारायची. उघडतं का? आत जाता येतं का? एक नाव नोंदवलं तर नोंदतं का? चिठ्ठी छापते का? बंद करून परत चालू होतं का? झालं. चहाचं आधण उकळेपर्यंत उरकणारं काम. यातलं काही अडलं तर पुढं तपासायचंच नाही, बिल्ड आल्या पावली परत. याला म्हणतात स्मोक टेस्ट. पूर्वी म्हणे नवं यंत्र जोडलं की आधी नुसतं बटण दाबून बघायचे. धूर निघाला की बटण बंद. त्यावरून हे नाव पडलं, असं मला सांगण्यात आलं.

सांगण्यात आलं, पण उशिरा. आमचे मालक सलीमभाई यांनी पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, "ताई, नया बिल्ड आया. जरा स्मोक टेस्ट कर लेव," तेव्हा मी मुकाट्यानं खाली वाकले आणि टेबलाखालच्या कंप्युटरच्या डब्यामागं नाक लावलं. मग उठून म्हटलं, "नाही येत हो वास." सलीमभाई भला माणूस. हसले नाहीत. बाहेर गॅलरीत गेले आणि तिथं जाऊन हसले. काचेतून खांदे हलताना दिसत होते.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. मराठी टायपिंग येत होतं, म्हणून पडद्यावरची मराठी अक्षरं भरायला मला ठेवलं होतं. पडेगावच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. 'नोंदणी', 'रद्द करा', 'पुढे जा' असले शब्द टाइप करता करता मी ती बटणं दाबूनही बघायची. 'पुढे जा' दाबलं तर मागं जायचं. मी ओरडायची. ओरडता ओरडता ते माझं कामच झालं. बाकी सगळं बघून, विचारून आणि चुकून शिकले.

कुणी म्हणेल, हे तर शितावरून भाताची परीक्षा झाली. तसं नाही. शिताची पाळी नंतर येते. आम्ही त्याच्याही आधी बघतो, की चुलीत जाळ आहे का, पातेल्यात तांदूळ आहेत का, का पोरांनी नुसतंच झाकण ठेवून दिलंय. आणि नुसतं झाकण ठेवलेली पातेली मी कितीतरी परत पाठवली आहेत.

परत पाठवली की वाद ठरलेला. प्राची म्हणून अजिंठ्याची एक पोरगी आमच्याकडं प्रोग्रॅम लिहायला होती. हुशार, चटपटीत, आणि जिभेला हाड नाही. बिल्ड अडलं की ती म्हणायची, "मावशी, माझ्याकडं तर व्यवस्थित चालतंय."

"अगं, घरात कुणी नसलं की माझ्याही पोळ्या गोल होतात. पाहुणे आले की नकाशे होतात. मला पाहुण्यांसमोरची दाखव."

"तुम्हाला चुका सापडल्या की आनंद होतो ना मावशी?"

"होतो. तुझी असली की जास्त होतो."

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. पाचोडला मोसंबीचा बाजार मोठा. तिथल्या एका व्यापाऱ्याला आवक-जावक लिहायचं सॉफ्टवेअर दिलं होतं. मी दाखवायला गेले तर ते शेजारच्या ढिगातलं मोसंबं उचलायचे, अंगठ्यानं दाबायचे आणि परत ठेवायचे. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मोसंबं दाबून कळतं. ह्ये कुठं दाबू?" मी बटण दाखवणार तेवढ्यात त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. पडदा काळा. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं लाईट अशीच जाती. आता लावतो, बघू काय ऱ्हातं अन् काय जातं." लावलं. त्या दिवशीचं सगळं गेलं होतं. तेव्हापासून प्लग उपटून बघणं माझ्या फेरीत कायमचं आलं, आणि त्या व्यापाऱ्यांचे आभार मानायचे राहून गेले ते इथं मानते.

आता धोंडाबाईकडं वळते.

शहरातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडं आलं. पेशंटची नोंदणी, टोकन, ऑपरेशनची यादी, सगळं. तपासायला एक खोटा पेशंट लागतो. पोरं तिथं काहीबाही बडवायची, 'अबक', 'टेस्ट टेस्ट', एकानं तर नुसतंच 'ढ'. मला ते पटेना. पेशंट म्हटला की त्याला नाव हवं, आडनाव हवं, वेलांट्या-उकार हवेत, तरच अक्षरं नीट उमटतात का ते कळणार. म्हटलं, धुराची टेस्ट आहे ना? मग बाई धुमाळ. धोंडाबाई धुमाळ. पोरांना नाव इतकं आवडलं की विचारू नका. मग पुरुषांचा रकाना तपासायला तिला धोंडिबा नावाचा नवरा दिला, लहान मुलांचा तपासायला पिंट्या नावाचा नातू दिला. अख्खं धुमाळ कुटुंब रोज आमच्या मशीनमध्ये जन्माला यायचं, टोकन घ्यायचं आणि पुसलं जायचं.

हळूहळू ऑफिसात धुमाळ हे आडनाव राहिलंच नाही. ते कामाचं नाव झालं. "धुमाळ झाली का?" "आज धुमाळ छपाईपाशी अडकली." "धुमाळ झाल्याशिवाय जेवायला जाऊ नका." सलीमभाईसुद्धा फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, "हौ साब, बस धुमाळ बाकी है," आणि गिऱ्हाईक समजायचं की धुमाळ नावाचे कुणी मोठे साहेब असतील.

नवं बिल्ड हॉस्पिटलात बसवलं की मी तिथंही सकाळी लवकर जाऊन फेरी मारायची, आणि ओपीडी उघडण्याआधी धुमाळ कुटुंब हातानं पुसायची. एकदा तेवढ्यात कुणीतरी मला प्रिंटरकडं बोलावलं आणि धोंडाबाई राहिली. टोकन पहिलं तिचंच. नर्सबाई दारात येऊन ओरडल्या, "धोंडाबाई धुमाळ!" कुणी उठेना. "धोंडाबाई धुमाळ हजर आहेत का?" बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "आत्ताच चहाला गेल्या बघा." दुसरी बाई म्हणाली, "निळ्या लुगड्यातल्या ना? नळावर आहेत." एकानं बाहेर जाऊन हाकाही मारल्या. डॉक्टर आत वाट बघतायत, सगळा हॉल धोंडाबाईला शोधतोय, आणि मी प्रिंटरमागं उभी राहून पदरात तोंड खुपसलंय. ज्या आजोबांनी तिला चहाला जाताना पाहिलं, त्यांची नजर अगदीच अधू असावी. नाहीतर अगदीच तेज.

डॉक्टरांना गंमत वाटली नाही. ते रास्तच होतं. म्हणून प्राचीनं सॉफ्टवेअरमध्ये एक झाडू बसवला. हॉस्पिटलचं मशीन चालू झालं, की धुमाळ आडनावाची जेवढी माणसं आत असतील तेवढी आपोआप साफ. मी नाव नोंदवायचं, चिठ्ठी छापायची, मशीन बंद करून चालू करायचं, की कुटुंब गायब. काम सोपं झालं. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. त्या खोलीत आम्ही चांगली शहाणीसुरती माणसं होतो, आणि जगात खरेखुरे धुमाळ असतात हे एकालाही आठवलं नाही.

पुढं एक मोठं बिल्ड आलं. त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलचे विश्वस्त ते बघायला येणार होते. सलीमभाई नवा सदरा घालून आले होते. मी नेहमीसारखी सकाळी खिडकीच्या आत, नोंदणी करणाऱ्या विलासच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मशीन उघडलं, आत गेले, 'धोंडाबाई' टाइप केलं. खिडकीत एक म्हातारी विलासशी भांडत होती.

"आजी, तुमचं नाव मशीनमध्ये नाही. मागच्या वेळीही सांगितलं."

"मागल्या बारीला तूच लिव्हलं न्हवं का? माझ्या म्होरं लिव्हलंस! ह्यो कागद तुझाच हाय का न्हाई?"

"कागद आमचाच आहे. पण नंबर टाकला की काहीच येत नाही."

"मंग काय येतं? मी मेले म्हणून येतं का? दोन येळा आपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी आले अन् दोन येळा तुम्ही म्हनले, यादीत न्हाई. लोकं म्हनत्यात, कौसाबाई, तू भिऊन पळून येतीस अन् दवाखान्यावर घालतीस."

"आडनाव सांगा परत."

"धुमाळ. कितींदा सांगू? धुमाळ!"

माझी बोटं कीबोर्डवर होती. पडद्यावर 'धोंडाबाई' लिहिलेलं, पुढं कर्सर लुकलुकत होता, आणि मला पुढचं अक्षर टाइप करवेना.

मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बाकावर बसले. कौसाबाई धुमाळ, पाचोड. एक डोळा फार वर्षांमागं कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. सगळं दुधातून बघितल्यासारखं.

"आजी, नाव मिळेल तुमचं. मी बघते."

"तू कोन गं पोरी? आवाज तर गोड हाय. इथली नरस का?"

"नर्स नाही. मशीन तपासते."

"तपास बाई तपास. माझं आता काय ऱ्हायलंय? जवारी निवडाया बसले की खडे ठिवती अन् दाने टाकती. समद्यांच्या दाताखाली खडा. सून वाईट न्हाई माझी. एकदा सूप हातातनं घेतलं अन् म्हनली, आत्याबाई, तुम्ही बसा." कौसाबाईनं हातातला कागद मांडीवर सपाट केला. मग म्हणाली, "बसा म्हनलं ना पोरी, की बाई संपली. दुखनं परवडलं, बसा नको."

मी आत आले. विलासला विचारलं, यादीत हातानं नाव लिहिता येईल का? तो म्हणाला, उद्या सकाळी मशीन चालू झालं की यादी छापणार, आणि कुणाच्या डोळ्यात कितीचं भिंग बसवायचं ते त्या यादीवरूनच निघणार. हातानं लिहिलेल्या नावाला भिंग कुणी देणार नाही. म्हणजे कौसाबाईचं नाव आत्ता नोंदवलं, मोजमाप लिहिलं, तरी सकाळी यादीच्या आधी झाडू फिरणार. दोन वेळा हेच झालं होतं. आम्हीच तिला दोन वेळा झाडून काढली होती.

प्राचीला फोन लावला. ऐकून तिनं 'माझ्याकडं तर चालतंय' म्हटलं नाही. प्रोग्रॅम उघडून झाडू बघितला. मग म्हणाली, "मावशी, झाडू काढते. पण आज होणार नाही. काढून, सगळं तपासून द्यायला उद्याची संध्याकाळ होईल. आणि जुन्या बिल्डमध्येही तोच झाडू आहे."

"तुझा झाडू ओळखतो कसा गं धुमाळांना?"

"अक्षरं जुळवतो. तुम्ही लिहिता तसंच्या तसं 'धुमाळ' असलं की पुसतो."

"तसंच्या तसं?"

"काना-मात्रा-वेलांटी सगळं."

आता मला हसू फुटलं. ऑफिसात माझी ख्याती एकाच गोष्टीबद्दल होती, ह्रस्व-दीर्घ. पोरांनी 'सुचना' लिहिलं की मी 'सूचना' होईपर्यंत पाणी पिऊ द्यायची नाही. प्राचीला मी 'पुर्ण'साठी किती बोलले असेन. त्याच मी, विलासला बाजूला सारून, डोळे उघडे ठेवून, चांगली चूक केली. आडनावाच्या रकान्यात लिहिलं, 'धूमाळ'. धला दीर्घ ऊ. ते अक्षर टाइप करताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग विलासकडून मोजमाप लिहून घेतलं. शेजारी मुद्दाम धोंडाबाई धुमाळही नोंदवली, ह्रस्व उकार घालून, नेहमीसारखी. मशीन बंद केलं. चालू केलं. ते चालू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतंय असं वाटत होतं. खिडकीबाहेरून कौसाबाई विचारतेय, "काय झालं गं? मेले का हाय?"

धोंडाबाई गेली होती. कौसाबाई होती.

"आहात आजी, आहात!"

"ते मला ठावं हाय. तुमच्या मशीनला कळलं का?"

माझं काम मात्र संपलेलं नव्हतं. नवं बिल्ड पास करायचं का नाही ते सांगायचं होतं. सलीमभाई दारात आले. "ताई, हो गई धुमाळ?"

"झाली. धूर निघालाय. बिल्ड परत."

मी सगळं सांगितलं. त्यांनी नव्या सदऱ्यानं कपाळ पुसलं. "पर अब तो उस अम्मा का नाम बच गया ना? एक आडनाव के वास्ते पूरा बिल्ड कायकू रोकना? विश्वस्त लोगां आ रहे. उनकू क्या बोलूं?"

"या एकीचं वाचलं. मी शेजारी बसले होते म्हणून. उद्या दुसरे धुमाळ येतील, तेव्हा खिडकीत चूक करायला मी नसेन. सलीमभाई, तुमच्या अम्मींचं ऑपरेशन इथंच झालं ना? त्यांना दोन वेळा उपाशीपोटी परत पाठवलं असतं तर?"

सलीमभाईंनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली. मग म्हणाले, "अम्मी होती तो खिडकी तोड देती, ताई." आणि विश्वस्तांच्या गाडीकडं चालू लागले. तिकडं काय बोलले ठाऊक नाही. परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मला एवढंच म्हणाले, "बोल दिया, धुआं निकला. वो बोले, आग बुझाव, फिर बुलाव."

प्राचीनं दुसऱ्या दिवशी झाडू काढला. आता खोट्या पेशंटला आतल्या आत वेगळी खूण असते, नाव काहीही असो. हे आधीच का नाही सुचलं, असं तुम्ही विचाराल. विचारा. आम्हीही एकमेकांना विचारलं. कौसाबाई भांडली म्हणून सापडली. जे धुमाळ भांडले नाहीत, 'नाव नाही' म्हटल्यावर कागद घडी करून खिशात ठेवून मुकाट गावाला गेले, ते किती आणि कोण, हे मला कधीच कळलं नाही. तपासणीच्या कामात हेच वाईट. चूक सापडते ती ओरडणाऱ्याची.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादी छापली, तिच्यात 'कौसाबाई धूमाळ' हे नाव होतं. ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर सांगितली. मग माझा आवाज ऐकून वळली, मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "अगं बया! तू व्हय ती? आवाजावरनं तरणी वाटली व्हतीस. तू तर माझ्याच बरोबरीची! अन् मला आजी म्हनत व्हतीस?"

वर आणखी तक्रार होतीच. "माझा नातू म्हनतो, कागदावर नाव चुकलंय. डोळा बरोबर केला अन् आडनाव बिघडवलं."

म्हणून मी तिला अख्खी कहाणी सांगितली, धोंडाबाई, धोंडिबा, पिंट्यासकट. वाटलं चिडेल. तिनं बोटांवर नाती मोजली. मग म्हणाली, "म्हंजी ती सटवी माझी जाऊच लागती की. रोज सकाळी पैला नंबर तिचा, रोज मरती, अन् जाता जाता मला बी संगट न्यायला बघती!"

त्यानंतर काही महिन्यांनी, ज्वारीचं नवं पीक आलं तेव्हा, कौसाबाई एकटी आमच्या ऑफिसात आली. पाचोडहून एसटीनं, टायरच्या दुकानाचा जिना चढून, काखेत ज्वारीची पिशवी. "मी सोता निवडलीय," म्हणाली. "सूप परत घेतलं सुनंकडनं. मागून न्हाई, वढून घेतलं."

सगळी पोरं जमली. प्राची म्हणाली, "मावशी, करा की धुमाळ. पिशवीची."

मी ताटलीत मूठभर ज्वारी पसरली. चष्मा नीट केला. बोटानं दाणे इकडून तिकडं सारले, वरून बघितलं, तिरकं बघितलं. टपोरी, पांढरीशुभ्र ज्वारी. सगळ्या ऑफिससमोर मी निकाल दिला. "एकही खडा नाही. बिल्ड पास!"

कौसाबाई हसली नाही. "नीट बघ."

"बघितलं की."

"आनिक एकदा बघ."

बघितलं. काही नाही. तेव्हा प्राची पुढं वाकली आणि ताटलीच्या अगदी मधोमध, माझ्या बोटाखालून, हरभऱ्याएवढा काळा खडा उचलून तिनं सगळ्यांना दाखवला.

"म्याच टाकला व्हता," कौसाबाई म्हणाली. "मूठ घेतलीस तवा. पट्टी काढली त्या दिशी दवाखान्यात माझ्याकडं बघत व्हतीस ना, तवाच म्हनलं, ही बाई मान वाकडी करून बघती. मी बी अशीच बघायची."

गेले काही दिवस पडद्यावरची अक्षरं धुरकट दिसत होती. मी पडदा पुसायची. चष्मा पुसायची. प्राचीला सांगायची, तुझ्या बिल्डमध्ये अक्षरं फिकट झालीत, परत घे. आणि ती गरीब बिचारी दोन वेळा गडद करून देऊन चुकली होती. तिनं आता माझ्या हातातली ताटली हळूच काढून घेतली आणि खुर्ची पुढं ओढली. "मावशी, तुम्ही बसा."

"ए पोरी!" कौसाबाई कडाडली. "बसा म्हनू नको तिला." आणि माझं मनगट धरून जिन्याकडं निघाली. "चल गं, ऊठ. तुझं नाव लिव्हून येऊ आत्ताच. खिडकी मला ठावं हाय, मानूस मला ठावं हाय. फकस्त इचारलं तर आडनाव धुमाळ सांगू नको. लई हेलपाटे पडत्यात."